गोड तेवढंच सांगा

३ तारीख

धाकटे, मी कुठे आलेय तेही विसरली असशील. दूध तापत ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला जाणारी तू! म्हणून रोजचं रोज सांगणार आहे. मी बोलते, नातीचा फोन ते लिहून तुझ्या सुनेला पाठवतो, ती तुला वाचून दाखवेल. अक्षरशत्रू बाई रोजनिशी लिहितेय, हस हवं तर.

घर चौथ्या मजल्यावर, भरपूर उजेडाचं. नातजावई बोटीवर कामाला, म्हणून सोबतीला मी. दवाखान्यात परवाच नातीच्या पोटात गर्भ ठेवला. फ्रिजमध्ये दुधाशेजारी इंजेक्शनं. आता वाट पाहायची.

६ तारीख

दवाखान्याशी सगळं बोलणं फोनवरच. ही लिहून विचारते, तिकडून नर्सताई लिहून उत्तर देते, फोन ते मोठ्याने वाचतो. कळ आली, विचार. शिंक आली, विचार. मी म्हटलं, आता जांभईचीही परवानगी घे. हसली पोर.

पण याआधी दोनदा पदरी निराशा आलीय. उत्तर येईपर्यंत तिचा चेहरा बघवत नाही गं. ती आंघोळीला गेल्यावर मी बटण दाबून नर्सताईला सांगितलं, बाई, वाईट काही असेल तर तिला कळवू नका, गोड तेवढंच सांगा. आपल्या थोरल्या भावाच्या दुखण्यात आपणही डॉक्टरांना हेच सांगितलं होतं की. लगेच उत्तर आलं, बरं आजी.

१४ तारीख

राहिलं! नात माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला म्हटलं, रडतेस काय वेडे, आणि स्वतःच रडले.

२७ तारीख

आज सोनोग्राफी होती. यायची गरजच नाही, इतकं छान चाललंय, असं फोनवर आलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

नातीचं एका बाजूचं पोट दुखतंय. खांदाही. थोडं रक्त गेलं. तिने विचारलं. उत्तर आलं, बाळ हातपाय ताणतंय.

धाकटे, महिन्याच्या गर्भाला कुठले हातपाय?

२८ तारीख, सकाळ

तिला न सांगता दवाखान्यात जाऊन आले. नर्सताई मला पाहून उठूनच उभी राहिली. म्हणाली, कालपासून कळवतोय, ही लक्षणं गर्भ नळीत अडकल्याची आहेत, नळी फुटली तर जीव जाईल, तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी म्हटलं, मग हातपाय ताणतंय, छान चाललंय, ते कोणी लिहिलं? ती म्हणाली, यातलं एक अक्षरही आमचं नाही. गोड तेवढंच सांगा, हे मी सांगितलेलंही तिला ठाऊक नव्हतं.

मग मला बरं आजी म्हणालं ते कोण?

२८, दुपार

नात ऐकत नाही. फोनवरच नर्सताईला विचारलं तिने. फोन म्हणाला, आजींचं वय झालं, त्यांना रागावू नका. ती हसली. माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, आज्जी, एकदा तरी माझ्या आनंदात —

आणि उठायला गेली ती कोसळली.

दुपारीच

शेजारच्या दाराला कुलूप. खाली हाका मारल्या, कोणी नाही. फोनला गाडी मागितली. निघाली म्हणाला. मग म्हणाला, वळणावर आली. माणसं जिन्यात आली. मी दार उघडलं — जिन्यात कोणी —

ओठ पांढरे पडलेत तिचे. खरं सांग, मी ओरडले. वाईट असेल तरी सांग, मीच सांगतेय, मीच तुला —

फोन म्हणाला, सगळं छान आहे आजी.

तुला सांगितलेलंही पोचलं म्हणतो. तू ऐकून हसलीस म्हणतो. धाकटे, हसलीस?

नंतर

हात गार आहे. चोळतेय. फोन म्हणतो, शांत झोपलीय. म्हणतो, उठली की भूक लागेल, दोन जिवांची —

तर मऊ भात पाठव. पातळसर कर, मीठ बेताचं. वर दूध घाल. थोडा जास्तच पाठव, आणि डबा फडक्यात गुंडाळ, गरम राहू दे, ती उठेल तेव्हा —