डबा, पंख आणि ‘परत’

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो अर्ध्यावर अडकला आहे. उरलेला कंबर सुटली की घालीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी कानातलं यंत्र लावायला लागले, की अजून तू बोलायला लागलीस की ते खिशात जातं? इकडे सगळं क्षेम. तुझी लेक, म्हणजे आपली चिमणी, तर फारच ठणठणीत आहे. रोज तिला गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवतात आणि उतरल्यावर ती जेवायला मागते. अंतराळात माणूस पाठवायचा तर असाच पाठवावा, असं तिथले डॉक्टर म्हणतात.

निवड होऊन एवढे दिवस झाले तरी पोरगी अजून जमिनीवरच का, असं तू विचारलंस. त्याचं कारण आमची समिती, आणि समितीचा चिटणीस मी, म्हणून बोल मलाच. आम्हाला ठरवायचंय एवढंच की माणसं वर न्यायची ती कशातून. एक आहे विमानासारखं पंखांचं यान, जे धावपट्टीवर उतरतं आणि झाडूनपुसून पुन्हा वापरता येतं. दुसरी आहे अग्निबाणाच्या टोकावर बसवलेली बंद कुपी, जी मोठाल्या छत्र्यांना लोंबकळत समुद्रात पडते. पहिल्याच्या बाजूचे ते पंखवाले, दुसरीच्या बाजूचे ते डबेवाले. हे दोन पक्ष आता एकमेकांना पाहिलं की जिना बदलतात. (जिना एकच आहे, त्यामुळे नुसतेच थांबून राहतात.)

पंचाईत अशी की दोघांचंही खरं आहे. पंखवाले म्हणतात, एका फेरीनंतर यान टाकून देणं म्हणजे गावाला जाऊन आलं की बस मोडीत काढणं. डबेवाले म्हणतात, वर हवाच नाही, मग पंख काय वारा घालायला नेताय? शिवाय उडताना काही बिनसलं तर डब्याच्या डोक्यावरचा छोटा अग्निबाण त्याला माणसांसकट उचलून लांब नेतो. पंखवाल्यांच्या नकाशात तशी सोयच नाही, त्यात बसलेल्यांनी देवाचं नाव घ्यायचं. हा मुद्दा नेमका चहानंतर निघतो, सगळे पेंगत असतात, आणि तो पुढच्या बैठकीवर जातो. मध्यंतरी एक बाई हळूच म्हणाल्या की डबासुद्धा नीट बांधला तर पुन्हा वापरता येतो. तर दोन्ही पक्ष एकदिलाने त्यांच्यावर तुटून पडले. ते मान्य केलं तर भांडायचं कशावरून, तूच सांग.

चहावरून आठवलं. आमचे अध्यक्ष निवृत्त वैमानिक, हाडाचे पंखवाले. त्यांनी ठरवलं की पुन्हा वापरण्याची सुरुवात आपल्यापासून व्हावी. कागदी कप बंद झाले आणि चिनी मातीचे आले. पहिली बैठक झोकात पार पडली. मग कोणीतरी शंका काढली की वापरलेला कप पुन्हा ओठाला लावण्याइतका धड आहे, हे कशावरून? तेव्हापासून प्रत्येक कप धुवायचा, वाळवायचा, उजेडात धरून चीर शोधायची, चमच्याने वाजवून आवाज ऐकायचा आणि कानाला चिठ्ठी बांधायची. (कपाच्या कानाला.) त्यासाठी उपसमिती नेमली. पुढल्या बैठकीला सगळे कप तपासणीतच होते, म्हणून चहा आला तो कागदी कपांतून. अध्यक्षांनी डोळे मिटून प्यायला. डबेवाल्यांनी आपले रिकामे कप बैठक संपेपर्यंत त्यांच्यासमोर मांडून ठेवले.

आता मूळ दुखणं सांगतो. अध्यक्षांना ‘पुनर्वापरयोग्य’ हा शब्द आवडतो, पण त्यांच्या नव्या कवळीला तो सोसत नाही. ‘पुनर्वा’पाशी कवळी निसटते. म्हणून ते ‘परत’वर आले, आणि साहेब परत म्हणतात म्हटल्यावर सगळं कार्यालय परत म्हणायला लागलं. यान परत जाईल का, किती वेळा परत जाईल, परत जायला किती दिवस लागतील. आमच्याकडे ‘परत’चा अर्थ ‘पुन्हा’ एवढाच उरला.

अशातच मंगळवारी चिमणीला बैठकीत बोलावलं. ती आधीपासून पंखांच्या बाजूची. मला म्हणाली होती, मामा, डब्यात बसायला मी काय बिस्किट आहे? मला हातात दांडा हवा, यान मी उतरवणार. (नाव चिमणी मीच ठेवलं, भोगतोय.) तासभर तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग अध्यक्षांनी विचारलं, तुझी काही शंका? ती म्हणाली, “सर, एवढंच सांगा, मी परत येईन का?”

अध्यक्ष मायेने हसले. म्हणाले, “अगं, आधी एकदा जाऊन तर ये. परतचं परत बघू.”

सगळे हसले. दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकत्र हसले. चिमणी हसली नाही. ताई, तिने विचारलं होतं ते निराळं होतं, आणि एवढ्या शहाण्यांत एकालाही ते कळलं नाही. मला कळलं. पण चिटणिसाने बोलायचं नसतं, म्हणून मी खाली मान घालून लिहिलं, ‘उमेदवार दुसऱ्या फेरीस उत्सुक.’ तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

असो. मी तटस्थ आहे. जे ठरेल ते विचारांतीच ठरेल. भाऊजींना नमस्कार सांग (मोठ्याने सांग), आणि गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा

ता. क. – निकाल सोमवारी आहे. प्रवासी म्हणेल तेच यान, असं अध्यक्षांनी जाहीर केलंय, कारण प्रवासी पंख म्हणणार याची त्यांना खात्री आहे. चिमणी शनिवारी तुझ्याकडे येते आहे. मी तटस्थ आहे हे वर लिहिलंच आहे, तेव्हा तिला डबा म्हणायला लाव. माझं ती ऐकत नाही. म्हणते, मामा, तुला तर झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते. तू रड, अबोला धर, गुडघे दुखव, काय वाटेल ते कर. पण मला आपली पोर घरी यायला हवी आहे.

दुसरा ता. क. – भाऊजी पंखांच्या बाजूने बोलतील. शनिवारी त्यांचं यंत्र खिशातच राहू दे.

तिसरा ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. चिमणी आत्ताच भेटून गेली. मी सगळं धीर करून बोललो, तर म्हणाली, डबाच सांगणार आहे, मंगळवारीच ठरवलं. माझ्या प्रश्नावर ज्यांनी ‘परत बघू’ म्हटलं, त्यांच्या यानात नाही बसायचं. म्हणजे माझं वरचं सगळं लिहिणं फुकट गेलं, तू रडू नकोस. पण निघताना ती दारातून ओरडली, “जाते रे मामा.” जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तू तिला ती बोलायला लागल्यापासून सांगते आहेस. मी टोकणार होतो, पण तोवर ती जिना उतरून गेली. तेवढं शनिवारी तिच्याकडून म्हणवून घे. ते समितीच्या अखत्यारीत येत नाही.