बोंड्या नदीकाठी अडला

अकोला, १२ जून १९६२

पुन्हा तेच. अमरावतीहून प्रुफांचा गठ्ठा आला. प्रेसच्या शेठनं उघडायच्या आधीच मला कळलं — लाल. पानोपान लाल शाईच्या दुरुस्त्या. जानराव मास्तरांना आपलंच लिहिलेलं पटत नाही. वऱ्हाडच्या गाण्याबजावण्याचा इतिहास म्हणे, मोठा ग्रंथ. लिहा ना. पण प्रेसमध्ये खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, आहेत तेवढेच, आणि ते सगळे त्यांच्या पानांत अडकलेत. पानं दोरीनं बांधून टेबलाखाली थप्पी लावून ठेवली आहेत. मास्तर "छापा" असं लिहीत नाहीत, म्हणून छापता येत नाही. छापल्याशिवाय दोरी सोडून खिळे परत खणांत टाकता येत नाहीत. अन् खिळे सोडायचे हेच माझं काम. म्हणून मी झाडू मारतो.

माझं पुस्तक कपाटात पडलंय. माझं म्हणजे तेही मास्तरांचंच, पोरांसाठी कधीकाळी लिहिलेलं. पण शेठ ओमप्रकाश स्वतः बोलले, "देवमन, वो बच्चोंवाली किताब तूच जुळव. एकटा." चौथी शिकलेल्या माणसाला अख्खं पुस्तक! गावी सांगून बसलो. बहिणीच्या, शालूताईच्या मैनाला तर शब्द दिला — तान्ह्या पोळ्याला छापील आणतो.

२० जून

अमरावतीहून काही नाही.

३० जून

हस्तलिखित पुन्हा काढून वाचलं. बोंड्या म्हणजे कापसाच्या बोंडातून निघालेला पोरगा. हलका, वारा आला की उडतो. एका राक्षसानं चंद्र चोरून कापसाच्या गठाणीत दाबून ठेवलाय. बोंड्या तो सोडवतो, काखेत मारतो आणि पळतो. पुढं पूर्णा नदी. पूर आलेला. वारा पडलेला. राक्षस मागं. कापूस भिजला की बुडणार.

इथं संपलं. पुढचा कागदच नाही. दिवाळीत मैनाला इथवरच सांगितलं होतं. तेव्हापासून चंद्र काखेत घेऊन उभा आहे बिचारा.

शेठला विचारलं. "इतिहास झाला की मास्तर शेवट देतील. तू खिळे लाव, डोकं नको लावू."

खिळे तरी कुठं आहेत?

१५ जुलै

प्रुफं घेऊन अमरावतीला गेलो. एस.टी.त उभा. मास्तरांच्या घरात बसायला जागा नाही, सगळीकडे कागद. आडनाव विचारलं त्यांनी. सांगितलं. मास्तरांच्या बायको, दुर्गाबाई, आत गेल्या आणि वेगळ्या नाही, घरातल्याच कपात चहा घेऊन आल्या. बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं.

धीर करून विचारलं, बोंड्या पार जातो का?

"ते पोरासोरांचं. त्याची कसली घाई? हा ग्रंथ राहणार आहे मागं. त्यात चूक राहून चालत नाही."

"पण जातो का?"

"मला काय ठाऊक!"

स्वतः लिहिलं अन् ठाऊक नाही.

निघताना दुर्गाबाई दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "हे लेकीला गोष्ट सांगायचे रोज. ती मोठी झाली, सासरी गेली. मग पुढं काय झालं, हे विचारणारंच कोणी राहिलं नाही."

२ ऑगस्ट

लाल. शिवाय एक नवं प्रकरण जोडलंय. उरलेसुरले खिळेही गेले.

११ ऑगस्ट

टेबलाखाली वाकून एका पानाच्या दोरीला हात घातला होता. ओढली असती तर सगळं पान भुईवर. शेठ मागंच उभे. "ओढ ना. मंग गावाचंच तिकीट काढ." उठलो आणि झाडू घेतला.

३१ ऑगस्ट, गावी

तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरून राहिली. मी रिकाम्या हातानं.

बाबा सगळ्यांसमोर, "आले आमचे पुस्तकवाले. पुस्तक मांगून येऊन राह्यलं, बैलबंडीत." सगळे हसले. मीही हसलो. काय करणार.

मैना जवळ आली. तिच्या बैलाचं एक चाक निघालं होतं, ते बसवून दिलं. मग म्हणे, "मामा, गेला का तो तिकडं?"

म्हटलं, मास्तरलेच ठाऊक नाही.

"त्यात काय? भिजू दे त्याले."

"बुडन ना वो."

"बुडू दे. त्याच्या पोटात सरकी असन का नाही? वाहत जाते, तिकडल्या काठाले लागते, उगवते. मंग बोंड फुटलं का चंद्र भाईर."

"मंग बोंड्या कुठं राह्यला? तो तर गेला."

"नवा येते ना. नाव तेच ठेवू."

आणि बैल घेऊन पळाली. मी ओट्यावर बसून राहिलो. महिन्यामहिन्याचं माझं कुढणं, अन् हिनं चाक बसवेपर्यंत नदी पार केली.

५ सप्टेंबर

शेठच्या प्रुफांबरोबर पुन्हा अमरावती. मास्तरांना सगळं सांगितलं, मैना म्हणाली तसंच. वाटलं, खूश होतील. चष्मा काढून डोळे चोळत बसले. डोळे लाल, शाईपेक्षा लाल. मग म्हणाले, "प्रुफं इकडे आण," आणि लेखणी घेऊन बसले. मीच मूर्ख. परतीच्या गाडीत ठरवलं: हे काम सोडून द्यायचं, धारणीला जंगलात लाकडं तोडायची. तिथं निदान तोडलेलं तुटतं.

१४ सप्टेंबर

आज मास्तर स्वतः प्रेसात आले. दुर्गाबाईंनी हात धरून आणलं. पिशवीतून पोरांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढलं आणि माझ्या हातात दिलं. पहिल्याच ओळीत बोंड्या बुडतो. शेठला म्हणाले, "इतिहासाची पानं सोडा. सगळी."

शेठ उडालेच. "मास्तर, आठ साल की मेहनत!"

"डोळे चालत नाहीत, माझ्यानं आता तपासणं होत नाही. चुकीचा छापायचा नाही. कागद घरी आहेत. बुडू दे. सरकी असेल तर उगवेल."

आणि मला म्हणाले, "त्या मुलीचं वाचून होईल तेव्हा कळव."

१५ सप्टेंबर

सकाळपासून सोडायला बसलोय. खिळा त्याच्याच खणात पडावा म्हणून आधी ओळ वाचावी लागते. पहिलंच पान पोळ्याच्या झडत्यांचं, बैलांपुढं म्हणायच्या गाण्यांचं. आमच्या गावात यंदाच्या पोळ्याला म्हटली, तीच झडती. वर्षभर या पानांवरचं लालच पाहिलं.

दुसरं पान वाचून झालं, दोरी तशीच. तिसरं वाचतोय. शेठ दोनदा विचारून गेले, किती सुटले?

एकही नाही.