मंडईचं आवतन

एकोडी, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाईस, धाकट्या भावाचा, सोमाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी फोनवर बोलत नाही म्हणून तू रागावली असशील. गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला. डॉक्टर म्हणते का परत येणार नाही. म्हणून आता कागदावरच बोलतो. सून दामिनी भात मऊ शिजवून देते, जेवण बराबर आहे.

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी आपल्या मोहल्ल्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. सव्वीस वर्षं मीच सायकलले भोंगा बांधून गावोगाव आवतन देत होतो. आपल्या लेकी जिथं दिल्या, तिथं त्यांची नावं घेऊन. औंदा मंडईच्या कमिटीतला कैलाश म्हणते, मोबाईलवर मेसेज टाकून देऊ. मी मान डोलावली अन् घरात येऊन बसलो. मग सून म्हणाली का भोंगा घेऊन ती जाईल. मी पाटीवर ‘नाही’ लिहून दिलं. सून दहा गावांत ओरडत फिरली तर लोक काय म्हणतील?

भाऊजीले नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा सोमाजी

बपेरा, ११ ऑक्टोबर

चि. सोमाजीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडली, मग चिडली. लोकांचं काय घेऊन बसला? तुझी जागा दुसऱ्यानं घेतली, हेच मनात सलून राहिलं ना तुले?

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासू मंडईले पाठवायले तयार नव्हती. बाबा स्वतः आले, चार लोकांसमोर आवतन देऊन गेले. मग तिले नाही म्हणता आलं नाही. मेसेजनं हे होते का? सुनेले घेऊन जाय, तू मागं बस. बोलता येत नाही, पण बसता तर येते!

औषध चुकवू नको. पत्राची वाट पाहते.

तुझी बाई, वच्छला

एकोडी, १९ ऑक्टोबर

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. दामिनीनं स्कूटी चालवली, मी मागं. पहिल्या गावात चौकात थांबलो अन् तिच्या तोंडून शब्दच निघेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तशी तिनं मीनं लिहून दिलेला कागद घडी करून ठेवला अन् भोंग्यात सांगितलं का माझे सासरे, सोमाजी मामाजी, यांचा आवाज गेला, पण ते तुमच्या दारी आले आहेत, लेकीबाईंनो, मंडईले या. त्या गावात दिलेली आपली बेबीबाई चुलीवरचं तसंच टाकून धावत आली. माझा हात सोडेना.

तीन दिवसांत नऊ गावं झाली. काल संध्याकाळी दामिनीनं हळूच विचारलं का आंबागडले जायचं का. मी चरकलो. ते तिचं माहेर. सहा वर्षं झाली तिले या घरात येऊन. मी आपल्या लेकींची गावं पालथी घातली, पण माझ्या घरी आलेल्या लेकीच्या आईले एकदाही बोलावलं नाही.

आज सकाळच्या बसनं आम्ही भोंगा घेऊन आंबागडले गेलो. दामिनीनं आईच्या अंगणात उभं राहून आवतन दिलं. एका घराचं आवतन साऱ्या गावानं ऐकलं. विहीणबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या का मंडईले अजून सहा दिवस आहेत. अन् पिशवी भरायले आत गेल्या.

आता त्या आमच्या ओसरीत बसून दामिनीच्या केसांले तेल लावून राहिल्या आहेत.

तुले हे पत्रच आवतन, भाऊजीले घेऊन लवकर ये. तुझ्या मायेचा भुकेला,

सोमाजी