ऐकायचं हाव, कबुलीचं हाव

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होते आणि आता माझे केस पिकायला लागलेत. तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण आईला सांगायची हिंमत नाही. मी लातूरच्या घरी वरच्या खोलीत बसलेय. बाहेर गच्चीवर आई कुरडया वाळत घालतेय. तिला वाटतं, मी इंग्लंडहून सुट्टीला आलेय. आलेय सुट्टीलाच, पण परत जायला मिळेल की नाही, हे आज दुपारी ठरणार आहे. निबंध मी दुसऱ्याकडून लिहून घेतला, असा माझ्या विद्यापीठाला संशय आहे. संशय कसला, त्यांच्या मते मी ते कबूलच केलंय. कसं कबूल केलं, हे फक्त तुम्हाला समजेल.

मार्केट यार्डातलं आपलं आडतीचं दुकान. शाळा सुटल्यावर मी गादीवर येऊन बसते. तुम्ही शेजारच्या दुकानात गेलाय आणि एक खरेदीदार तुरीच्या पोत्यात हात घालून माझ्याशीच बोलायला लागतो. "माल ओला हाय बघ पोरी. दाणाबी बारीक हाय." मी प्रत्येक वाक्याला मान हलवून "हाव, हाव" म्हणते. मोठं माणूस बोलत असताना दगडासारखं बसू नये, आपण ऐकतोय हे त्याला कळावं, हे घरातच शिकवलेलं. तुम्ही परत आलात तर तो हसत म्हणाला, "मालक, तुमच्या लेकीनंच कबूल केलंय, माल ओला हाय." ज्याची तूर होती तो शेतकरी तिथंच उभा होता. भाव उतरला. घरी जेवताना म्हणालात, "अगं, ऐकायलाबी हावच म्हणतेत अन् कबूल करायलाबी हावच. समोरचा कोणतं घेऊन चाललाय, ते बघत जा की." तुमचा आवाज चढला नव्हता.

इंग्रजी मी नांदेडला शिकले, म्हणजे लिहायला शिकले. पुढे तिथंच एका खासगी क्लासमध्ये बरीच वर्षं शिकवलं. फळा भरून व्याकरण लिहायचे, पोरं उतरवून घ्यायची, कुणी मधे बोललं की मलाच राग यायचा. मग या वयात इंग्लंडला जाऊन शिकायचं डोक्यात घेतलं. तिथं वर्ग म्हणजे एक गोल टेबल. हात वर करून कुणी थांबत नाही, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू. मी मनात वाक्य जुळवते, काळ तपासते, क्रियापद जागेवर ठेवते, तोवर विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. मग येत होतं तेच करत राहिले. जो बोलेल त्याच्याकडे बघायचं, मान डोलवायची आणि "येस, येस" म्हणायचं. एकदा दोघे तावातावाने भांडले आणि शेवटी दोघांनीही मला आपल्याच बाजूची धरलं. शेजारी बसणारी तैवानची मुलगी बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "तू सगळ्यांनाच हो म्हणतेस. तुझं मत काय, हे कुणालाच माहीत नाही. सांभाळ." मी तिलाही "येस" म्हणाले.

मत होतं हो, चांगलं भलंमोठं होतं. नांदेडच्या वर्गातली माझी पोरं का बोलत नाहीत, यावरच मी निबंध लिहिला. शब्द न् शब्द घासूनपुसून लिहिला. वाटलं, आता तरी यांना कळेल मी कोण आहे. सगळ्यांचे निबंध तपासून परत आले, माझा आला नाही. आमच्या प्राध्यापकबाई मला पाहून हसायच्या, ते बंद झालं. मग एक दिवस त्यांनी तैवानच्या मुलीला विचारलं, तुझ्या शेजारणीला इंग्रजी कितपत येतं? तिनं मला येऊन सांगितलं, तेव्हा सगळं लक्षात आलं. वर्गात जिच्या तोंडून एक धड वाक्य निघत नाही, ती असं लिहिते कशी? खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात, याच खोलीत, विद्यापीठाच्या चौकशीतल्या तिघांनी मला लॅपटॉपवर बोलावलं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे तिघेही मऊ बोलत होते. मधल्या बाई माझ्यासाठी शब्द सुटे करून सांगत होत्या. तुमचं लिहिणं आणि बोलणं जुळत नाही. येस. तुमच्यावर ताण असेल, आम्ही समजू शकतो. येस. अशा वेळी कुणाची तरी मदत घ्यावीशी वाटते. येस. हा निबंध पूर्णपणे तुमचा नाही. येस. मी ऐकत होते, अप्पा, पुढच्या वाक्याची वाट बघत होते. पुढचं वाक्य आलं ते असं, की तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे बोललात, आभारी आहोत. तिघेही हसले आणि पडदा काळा झाला. खालून आई चहाला हाक मारत होती.

मी लगेच लिहून कळवलं, की मला तसं म्हणायचं नव्हतं. तितक्याच मऊपणे उत्तर आलं. लेखी नको, तुमच्या लिहिण्यावरच तर प्रश्न आहे. एकदा शेवटचं तोंडी बोला. ते आज. सकाळपासून मी आरशासमोर "नो" म्हणून बघतेय. एवढासा शब्द, पण दर वेळी उलटं बोलल्यासारखं वाटतं आणि माझीच नजर खाली जाते. मघाशी आई डोकावली.

"कुणाशी बोलायलीस?"

"कुणाशी न्हाई."

"तिकडं सगळं बरं हाय नव्हं?"

मी नुसती मान हलवली. तिनं ती हवी तशी घेतली आणि पुन्हा उन्हात गेली. लाइट जायची भीती आहे म्हणून मोबाइलचं नेट जोडून ठेवलंय.

हे कुठं धाडायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. भीती भाषेची नाही, त्या बाईंचीही नाही. त्यांचं चौथं वाक्य मला नीट कळलं होतं. अर्धं नाही, पूर्ण कळलं होतं. आणि क्षणभर मलाही वाटून गेलं, की एवढं चांगलं इंग्रजी माझं असेल कशाला. निबंध मीच लिहिलाय, प्रत्येक ओळ मी लिहिलीय. तरी ते एक येस ऐकायचं नव्हतं, कबुलीचं होतं. आज त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं तर माझ्या तोंडून काय निघेल, ते मला माहीत नाही.