लिंबाच्या आळ्यातलं मेडल

८ मार्च, सकाळ
अंगणात लिंबाचं आळं खणताना मेडल सापडलं! चांदीचं, वर कडी, मधे मुकुटवाला राजा. पणजोबा पलटणीत होते असं आई सांगते. म्हणजे राजानेच दिलेलं. अमरावतीत कोणाकडे असेल असं? माती मी स्वतः पुसली.

दुपार
नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. लेकीच्या, गीतांजलीच्या लग्नात बुद्धवंदना झाली की स्टेजवर मेडलचं अनावरण. भाषण सुचत आहे. माझा साळा धम्मदीप, त्यानेही फोटो पाहिला. साधा अंगठा दिला नाही. जळतो.

१० मार्च
बायकोने, नीलमने पुन्हा भावाचा विषय काढला. मामा आल्याशिवाय गीतांजली लग्नाला उभी राहणार नाही म्हणे. अरे, आईच्या रुपयांच्या माळेतला एक रुपया गेला तेव्हा घरात बाहेरचा तोच होता. मी तोंडावर चोर म्हणालो. तो अंजनगावला निघून गेला, पुन्हा उंबरा चढला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. नीलम जेवली नाही. निषेध म्हणून मीही नाही. (नंतर पोहे खाल्ले.)

१२ मार्च
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे. तिला अनावरणातच सरप्राइज.
नीलम मेडलची कडी बराच वेळ पाहत होती. कौतुक असावं. अकोल्याला जाणकाराला दाखवा म्हणाली.

१५ मार्च, अकोला
नियाज सर. रिटायर्ड प्रोफेसर, जुनी नाणी जमवतात. भिंग लावून म्हणाले, मेडल नाही, राजाछाप रुपया आहे. कडी सोनाराने झाळून जोडलेली, बायांच्या माळेतली. घरात अशी माळ होती का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. माणूस विद्वान आहे, पण घराणं म्हणजे काय ते त्यांना कळत नाही. परतीच्या बसमध्ये मेडल खिशातून काढलं नाही. गर्दी होती.

१६ मार्च
आईची पट्टी निघाली. नीलमने मला न विचारता रुपया तिच्या हातावर ठेवला. आईने पेटीतून माळ काढली. बाकी रुपयांच्या कड्या हुबेहूब तशाच. मग म्हणाली, "त्या दिशी मी माळ सोडून रुपये चिंचेनं घासले होते. ते घमेल्यातलं पानी लिंबाले कोनं टाकलं रे, देवानंद?"
मीच टाकलं होतं. पण टाकायच्या आधी रुपये मोजायचं काम कोणाचं?
नीलम रडत होती. मला भीती वाटली.

१७ मार्च
अंजनगावला जायचं ठरवलं. गुडघा दुखतो. ऊनही फार.

१८ मार्च
उद्या नक्की. गीतांजली बोलत नाही. पत्रिका छापायला देऊ नका, एवढंच तिने नीलमकडून कळवलं.

२० मार्च, अंजनगाव सुर्जी
धम्मदीपने खुर्ची दिली, चहा दिला. 'गैरसमज दोन्ही बाजूंनी झाला' हे वाक्य पाठ करून नेलं होतं. तोंडातून निघेना. रुपया पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.
"फोटो पाह्यला तवाच ओयखला होता, भाऊजी. तुमी कवा ओयखता, वाट पाहून राह्यलो होतो."
लग्नाला येशील का, एवढं कसंबसं विचारलं.
"पोरीसाठी येतो," तो म्हणाला. "पन मांडवात काही हरपलं, त आधी लिंबाखाली पाहजा."
मी हो म्हणालो.