दोन टाक्यांची जीप

३ डिसेंबर
माझी जुनी सुती साडी अप्पांनी फाडली. न विचारता! तेल गाळायला. "मऊ हाय, लई झ्याक गाळतं," म्हणाले. जणू साडीचं कौतुकच चाललंय.

तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर शेत, आणि शेताकडे नेणारी ही जुनी डिझेल जीप. एवढ्यावर सुखी होते. आता जीप भज्यांच्या उरलेल्या तेलावर चालवायची आहे. का? "चालती म्हणून."

मल्लेश मेकॅनिकने दुसरी टाकी बसवून दिली. सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की सीटखालचा कॉक फिरवून तेलावर घ्यायची. बंद करण्याआधी कॉक उलटा फिरवून पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळीतलं तेल निघून जातं. नाहीतर ते आतच थिजतं आणि गाडी उठत नाही. बस. एवढं एकच लक्षात ठेवायचं.

४ डिसेंबर
घरात एक भजं तळलेलं नाही. केसांना मात्र वास.

७ डिसेंबर
स्टँडसमोरच्या गुणाबाईंकडे डबा घेऊन मला पाठवलं. मी कॉलेजात मराठी शिकवते. तिथं बसून भजी खाणारी निम्मी मुलं माझ्या वर्गातली. "घ्या म्याडम, कालचंच हाय. वरलं घ्या, खाली गाळ ऱ्हातो." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं — "आमच्या तेलावर माणसं आजारी पडत्यात म्हनं. गाडी पडली तर सांगा बरं का!"

गाडी पडली नाही. शेतापर्यंत गेली, परत आली. मागे निळसर धूर आणि दोन कुत्री. अप्पा शिट्टी वाजवत उतरले. बऱ्याच दिवसांनी ऐकली.

९ डिसेंबर
सकाळी जीप उठली नाही. मल्लेश आला, नळी सोडली. आत पांढरं, थिजलेलं. "तूप झालंय बघा! अप्पा, काल बंद करायच्या आधी कॉक फिरवला न्हाई तुमी."
"फिरवला व्हता."
"मग ह्ये काय, नैवेद्याचं हाय?"

संध्याकाळी माझ्या भावाचा, वैजनाथचा, पुण्याहून फोन. धाकटा असून मोठ्यासारखा बोलतो. बोलणं नेहमीचंच — गाडी विका, अप्पांना मी नेतो, तू मोकळी हो. शेवटी अप्पांनीच फोन ओढून घेतला आणि पैज लावल्यासारखं सांगितलं : वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेला ये. जीप तुम्हा सगळ्यांना शेतात नेऊन परत आणील. न्हाई आणली तर विका, मी पुण्याला येतो.

पुण्यात पाचव्या मजल्यावर काय करतील हा माणूस?

आणि इथं लिहायला हरकत नाही — ते गेले तर मला नांदेडच्या कॉलेजातली जागा घेता येईल. दोनदा विचारणा झाली आहे.

१२ डिसेंबर
पुन्हा तेच. पुन्हा मल्लेश. "म्याडम, गाडी भजे खाऊन राहिली, पचवंना!" हसले नाही. पहिला तास बुडाला.

१३ डिसेंबर
कॉकला लाल चिंधी बांधली. अप्पा हसले. "नजर लागू नये म्हणून का?"

१५ डिसेंबर
चिंधी जागेवर. कॉक तेलावर. गाडी थंडगार.

मी म्हटलं, "एसटीत असं केलं असतंत तर?" फार लागेल असं बोलले, कळत होतं. तरी बोलले. ते पाना पुसत राहिले.

१८ डिसेंबर
आज कहर! भाजीला तेल घ्यायला डबा उघडला तर आत जळकं तेल. वर्षाचं करडईचं तेल, समोर उभं राहून घाण्यावरून काढून आणलेलं — ते गेलं जीपच्या टाकीत. अप्पांना दाखवलं. डब्यात बोट बुडवून वास घेतला. पुन्हा घेतला. मग म्हणाले, "डबे सारखेच हायत की." सारखे नाहीत. एक पितळी, एक पत्र्याचा.

मी ओरडले. शेजारची सुमनबाई भिंतीवरून — "काय झालं ओ ताई?" काही नाही. जीप करडईचं खाऊन राहिली आहे, आणि आम्ही बिनतेलाची वांगी.

२१ डिसेंबर
तीन दिवस गाडी बिनतक्रार. कारण मी शेजारी बसते आणि वेशीपाशी येताच ओरडते : कॉक! घसा बसला. वर्गात मुलांना वाटलं सर्दी.

२५ डिसेंबर
सुट्टी. शेतातून येताना अप्पांचा हात कॉकवर होता, आणि तो तिथंच राहिला. गाडी हळू केली. मला विचारलं, "आता कशावर हाय? तेलावर का डिझेलवर?"
"तुम्ही बसवलंय, तुम्हीच सांगा!"
शेवटी मीच वाकून फिरवला.

असल्या चेष्टा मला आवडत नाहीत.

२९ डिसेंबर
वैजनाथ आणि त्याची बायको ऋतुजा आले. ऋतुजाने दारातच विचारलं, "वन्सं, भजी केलीत?"

३० डिसेंबर
वेळ अमावस्या. आमच्या निलंग्यात चिटपाखरू नाही, सगळे शेतात. आम्हीही. जीप झोकात गेली. अप्पांनी नवा फेटा बांधला होता. रस्त्यात दिसेल त्याला हाक — "या आंबील प्यायला!" कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, ज्वारीभोवती आंबील शिंपडणं, मग पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे. वैजनाथ बांधावर मांडी घालून दोन माणसांचं जेवला. म्हणाला, "इथं ऱ्हावं वाटतं गड्या." तेवढ्यात वाटलं, जिंकलो.

पोचलो तेव्हा मी शेजारी नव्हते. ऋतुजाला पुढे बसवलं होतं, मी मागे खिरीचं पातेलं धरून. ओरडायचं राहून गेलं.

दिवेलागणीला गार वारा सुटला. गाडी घरघरली, खोकली, बसली. पुन्हा. पुन्हा. शेजारच्या शेतातली माणसं बघायला आली. त्यांतल्या धोंडप्पांनी ट्रॅक्टर आणला. ऋतुजा जरीच्या साडीत ट्रॉलीत, वैजनाथ हसू दाबत. मग त्याने हसणं थांबवलं आणि हळूच म्हणाला, "झालं मग, अप्पा."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला अप्पांचा. ट्रॉलीत, सगळ्यांसमोर म्हटलं, "एक गोष्ट! एवढी एक गोष्ट ध्यानात राहत नाही तुमच्या?"

अप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

३१ डिसेंबर
वैजनाथ सकाळीच गेला. अप्पांना न्यायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

मी चहा दिला. अप्पांनी बशी बाजूला सारली आणि सांगून टाकलं. लातूरच्या डॉक्टरांनी भादव्यातच सांगितलं होतं — हळूहळू विसरत जाल. एकटेच गेले होते, एसटीने.

"मग हे तेलाचं खूळ कशाला? डिझेलवर मुकाट चालली असती!"

"त्येच की. हातापायाला सवय हाय, गाडी चालतच ऱ्हाती. कुठलं इसरून राहिलो, मलाच कळलं नसतं. म्हनून एक नवं काम लावून घेतलं. ह्ये जमतंय तवर चालवायची, जमंना की सोडायची." खिशातली चावी काढत — "तुझं वराडनं बरं व्हतं. पर त्यानं मला खरं कळंना."

चावी माझ्यापुढे ठेवली.

"तू शीक. कॉक मी सांगतो. ध्यानात आला तर."