नारळाचं तेल हे ग्रीस नव्हे

४ मार्च, सोमवार

सिलेंडर आले. सहा. ऑकलंडहून माझा चुलतभाऊ आतोनिओ याने जुन्या गाद्या आणि डबाबंद मटणाबरोबर कंटेनरमधून पाठवले. कुठल्यातरी बंद पडलेल्या दवाखान्यातले आहेत. रिकामे. भरून घ्यायचे आपण.

माझ्या नवऱ्याला, पेटेलोला, आता दिवसरात्र ऑक्सिजन लागतो. चाळीस वर्षं तंबाखू त्याने ओढली, नळी मी सांभाळते. नर्स लोटे दवाखान्यातला एक सिलेंडर देते. तो संपला की बोटीकडे डोळे लावून बसायचं. हे सहा भरले की ती लाचारी संपली.

जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आली. गावाच्या महिला कमिटीची मी अध्यक्ष. शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात विज्ञान घेतलं होतं, मग गावच्या शाळेत शिकवलं. कोणी सोपवली असं नाही, पण आली.

मलाकी सकाळीच सळई घेऊन हजर. तो गावची घंटा वाजवतो. घंटा म्हणजे निरफणसाच्या झाडाला टांगलेलं जुनं गॅसचं नळकांडं. एकेक सिलेंडर ठोकून, कान लावून ऐकत होता. म्हणाला, बाई, तिसऱ्याचा आवाज फार गोड आहे, आपली घंटा तडकलीय. मी सळई काढून घेतली आणि त्याच्या पोटरीवर दोन दिल्या. म्हणाला, शाळेतही इथंच मारायचात, जागा विसरला नाहीत.

नियम पहिला: सिलेंडरला मार लागू देऊ नये.

५ मार्च

नियमांचा बोर्ड तयार. लोटेने आरोग्य खात्याचा कागद दिला होता. भाषा पुळचट होती, मी कडक केली. पहिली ओळ कालचीच, मार लागू देऊ नये. परदेशातून आलेला सिलेंडर तपासणीचा शिक्का पाहिल्याशिवाय भरू नये. रंग बदलू नये. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस लावू नये. न बसणारा जोड जबरदस्तीने बसवू नये. एका सिलेंडरातून दुसऱ्यात ओतू नये. जवळ विस्तव नको.

बोर्ड कमिटीच्या घरासमोर उभा केला. बायकांना ओळीत बसवून पाठ करून घेतले. चुकेल तिच्या तळहातावर खराट्याचा हीर. लेउता तीनदा चुकली. उपाध्यक्ष असून. तिसऱ्या वेळी तिने हीर माझ्या हातातून ओढून मलाच मारला. मग मी तिचा अंबाडा धरला. मग बाकीच्या मध्ये पडल्या आणि त्यांनीही हात साफ करून घेतले. एकंदरीत शिस्त बसते आहे.

९ मार्च, शनिवार

पुढच्या आठवड्यात सुंदर गाव स्पर्धेचे परीक्षक येणार. ते सिलेंडर अगदीच कळकट दिसत होते. कमिटीने दिवसभर बसून सहाही निळे रंगवले, खांद्यावर पिवळा पट्टा. रस्त्याकडेच्या दगडांचाच रंग, त्यामुळे सगळं एकसारखं.

लोटे किंचाळतच आली. म्हणे शिक्का मानेवर असतो, तो रंगाखाली गेला. आत काय होतं ते रंगावरून कळतं, आता कसं कळणार. बाई, तुमचाच तिसरा नियम आहे. मी सांगितलं, नियम ज्यांना रंगसंगती कळत नाही त्यांच्यासाठी आहे. तिने ब्रश फेकला. माझ्या कानाला लागला. मी तिला दंड धरून अंगणाबाहेर काढलं, जाताना ती रंगाच्या डब्यात पाय घालून पडली. निळा पाय घेऊन दवाखान्यात गेली. स्वच्छतेचं भान नाही या मुलींना.

पेटेलो चटईवरून म्हणाला, सुंदर झालेत. मला पुराल तेव्हा एक उशाशी ठेवा. एवढं बोलून त्याला धाप लागली. मी त्याला बोलू नको म्हटलं. माझं ऐकण्यासाठी त्याला आजारी पडावं लागलं.

१२ मार्च, मंगळवार

राजधानीत, आपियाला, जाऊन आले. सिलेंडर पिकअपमध्ये आडवे, खाली गाद्या. बोटीवर समुद्र खवळलेला. एक गडगडत गेला आणि एका गृहस्थाच्या पायाचा अंगठा चिरडला. तो शिव्या देऊ लागला. पाय पसरून बसायची ही जागा आहे का, असं मी त्याला विचारलं.

गॅस भरण्याच्या कारखान्यातला माणूस शर्टाची बटणं न लावणारा. चाकूने माझा रंग खरवडला. म्हणाला, तपासणीची मुदत कधीच संपली. दुसऱ्याचे आटे इथल्या जोडात बसणार नाहीत. तिसऱ्यात ऑक्सिजनच होता कशावरून. बाई, हे भरले तर मी, तुम्ही आणि पलीकडची बेकरी, तिघं एकदम जाऊ. मी म्हटलं, मी नियम पाठ करून घेतलेत, मला शिकवू नकोस. शिवाय ते नियम परदेशातून आलेल्या सिलेंडरसाठी आहेत. हे माझ्या चुलतभावाकडून आलेत.

तो म्हणाला, तुमचे राहू द्या इथं, आमचा भरलेला घेऊन जा, नवरा आजारी आहे ना. भीक घालायला निघाला होता. मी छत्री उगारली. ती त्याच्या नाकावर नेमकी कशी बसली ते माहीत नाही. दोघांनी मला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवलं.

सहाही परत आणले. एका दृष्टीने बरं झालं. आता कोणावर अवलंबून राहायला नको.

१४ मार्च, गुरुवार

वन्सं आल्या. फुआटिनो, पेटेलोची थोरली बहीण. आपियाला मोठ्या घरात राहतात. विजेवर चालणारं हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन त्यांनी घेतलंय म्हणे. अंगणातूनच म्हणाल्या, वहिनी, माझ्या भावाला न्यायला आलेय.

आमच्याकडे भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. बायकोचा रोज मोडतो. मी अळकुड्या आणि कोंबडी वाढली आणि सांगितलं, वीज गेली की मशीन बंद, आणि वीज जाते. वन्सं म्हणाल्या, आमच्याकडे जनरेटर आहे. मी कोंबडीचं ताट जरा जोरात ठेवलं. रस्सा त्यांच्या पांढऱ्या पोशाखावर गेला. त्यांनी पंख्याने माझ्या डोक्यात मारलं. विणलेला पंखा, पण दांडा लाकडी. पेटेलो हसला, मग खोकत राहिला. आम्ही दोघींनी त्याची पाठ धरली. एका बाजूने त्या, एका बाजूने मी.

शेवटी त्यांनी मुदत दिली. शनिवारच्या दुपारच्या बोटीपर्यंत माझा एकतरी सिलेंडर भरला तर भाऊ इथं राहील. नाहीतर त्यांच्याबरोबर जाईल. पेटेलो छताकडे बघत होता. त्याचं मत कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्याला इथंच राहायचं आहे. असणारच.

१५ मार्च, शुक्रवार

उपाय मिळाला. वेल्डर इलिया. त्याच्या शेडमध्ये ऑक्सिजनचा मोठा सिलेंडर भरलेला उभा असतो. त्यातून आपल्यात घ्यायचा. तो म्हणाला, बाई, एकातून दुसऱ्यात ओतू नये असं बोर्डावर तुम्हीच लिहिलंय, आणि माझ्या बायकोला शब्दन् शब्द पाठ करायला लावलात. मी ब्रश घेऊन गेले आणि नियमापुढे लिहिलं: अध्यक्षांच्या देखरेखीशिवाय. मग त्याला पुन्हा वाचायला लावलं. तरी डोकं हलवत राहिला. शेवटी शाळेत शौचालयाला आग कोणी लावली होती ते त्याच्या बायकोसमोर काढलं, तेव्हा तयार झाला.

आमच्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बसला होता. मीठ आणि गंज. नारळाचं तेल स्वतः चोळून चोळून मऊ केला. बोर्डावर तेल नको असं आहे, पण तिथे तेल म्हणजे यंत्राचं. हे तर आपण तान्ह्या बाळांना लावतो. आटेही तेल लावल्यावर गोडीगुलाबीने बसले. वेल्डिंगवाल्यांना हे सुचत नाही, कारण ते विज्ञान शिकलेले नसतात.

उद्या भरणार. वन्संचं तोंड बघायला मिळेल.

१८ मार्च, सोमवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराकडे लक्ष देऊ नये.

शनिवारी जे झालं त्यात दोष इलियाचा. मी सावकाश म्हटलं होतं. आधी नुसती फुस्स झाली. मग पांढरी ज्वाळा, बघवत नव्हती. मग आवाज. व्हॉल्व्ह शेडच्या पत्र्यातून वर गेला, तो अजून सापडलेला नाही. माझा निळा सिलेंडर दोरी तोडलेल्या बैलासारखा सुटला. लेउताच्या स्वयंपाकाच्या खोपटातून गेला, तिथे बांधलेल्या डुकरिणीतून गेला आणि चर्चच्या भिंतीत कमरेपर्यंत रुतला. पिवळा पट्टा बाहेर दिसतो.

इलियाच्या भुवया गेल्या, डाव्या हाताची दोन बोटं गेली. मलाकी दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचे दोन्ही कान गेले. डुकरीण गाभण होती.

त्यानंतर इलियाच्या बायकोने मला तव्याने मारलं. लेउता पोत्यात डुकरिणीचे तुकडे घेऊन आली आणि तिने पोत्याने मारलं. ज्या बायकांना मी नियम पाठ करून दिले त्याच बायका. माझा उजवा हात स्फोटाने मोडला की तव्याने, हे लोटे नक्की सांगू शकली नाही. हात बांधताना तिने तो जरा जास्तच ओढला.

पेटेलो. आवाज झाला तेव्हा त्याने नाकातली नळी काढून फेकली आणि अंगणात आला. उठून उभं राहता येत नाही त्याला. गुडघ्यांवर रांगत आला. धुरात माझं नाव घेत होता. मी इथंच आहे म्हणून ओरडले, पण माझ्या अंगावर बायका होत्या. सापडला तेव्हा ओठ निळे होते, आमच्या सिलेंडरच्या रंगाचे.

वन्संनी त्याला पाठीवर घेतला. साठी उलटलेली बाई. दवाखान्यातला उरलेला सिलेंडर लोटेने दिला, पिकअप, दुपारची बोट. वन्सं मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना काही सुचलं नसावं.

२० मार्च, बुधवार

गावच्या प्रमुखांची सभा झाली. दंड म्हणून डुकरं आणि डबाबंद मासळी. शिवाय माफी मागायची आमची रीत म्हणून इलियाच्या घरापुढे चटई पांघरून, मान खाली घालून बसावं लागलं, घरातल्यांनी चटई काढेपर्यंत. उन्हं चढली तरी काढेनात. इलियाची बायको दोनदा माझ्या अंगावरून धुणं वाळत घालायला गेली. शेवटी इलियानेच काढली. उरलेल्या बोटांनी. म्हणाला, उठा बाई, पाठ झालं.

कमिटीचं अध्यक्षपद लेउताकडे. दमून गेले होतेच मी. तिलाही कळू दे काम काय असतं.

तडकलेली घंटा त्या आवाजाने पार दुभंगली. प्रमुखांनी ठरवलं की तिसरा सिलेंडर झाडाला टांगायचा. व्हॉल्व्ह काढला, आत काही नाही याची खात्री कारखान्यातला माणूस बोलावून करून घेतली. त्याच्या नाकाला पट्टी होती. बाकीचे तो घेऊन गेला. मलाकीला ऐकू येत नाही, म्हणून घंटा मी वाजवायची, सकाळ-संध्याकाळ. विश्वासाचं काम आहे. कोणालाही देत नाहीत.

३१ मार्च, ईस्टर

वन्संच्या घरी फोन लावला. त्यांनी उचलला आणि थेट भावाला दिला. पेटेलोने विचारलं हात कसा आहे. मी म्हटलं उत्तम. तुझं मशीन कसं आहे. म्हणाला, मांजरासारखं घुरघुरतं, चांगली झोप लागते. घरी कधी येतोस, तर म्हणाला, ताई म्हणेल तेव्हा. मग विचारलं, हल्ली घंटा कोण वाजवतं. मी सांगितलं. कशाची, तेही सांगितलं.

तो हसायला लागला. मी खोकल्याची वाट बघत थांबले. खोकला आलाच नाही. किती वर्षांनी इतका वेळ हसला. मी फोन कानाशी धरून ठेवला.

संध्याकाळची घंटा दिली. मलाकी येतो, सिलेंडरला तळहात लावून उभा राहतो आणि थरथर बघतो. आजही मोठ्याने म्हणाला, गोड आहे, बाई, मी म्हटलं नव्हतं का. त्याला वाटतं सगळे बहिरे आहेत. डाव्या हाताने टोला जरा कमी पडतो, म्हणून मी जोर लावून ठोकते.

नियमांचा बोर्ड लेउताने आणून त्याच झाडाखाली रोवलाय. सिलेंडरला मार लागू देऊ नये, ही पहिली ओळ स्वच्छ वाचता येते. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. त्या बाजूने वारा चांगला लागतो.